हिवाळ्यातील पाणबाग
कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मत्स्यपेटीसाठी जलवनस्पतींची घरगुती लागवड

मत्स्यपेटी पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम माशांकडे जाते. पेटीतील हिरवी पाने ही केवळ शोभेची वस्तू आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. १८५० च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात दोन लहान मासे आणि व्हॅलिस्नेरिया या जलवनस्पतीची रोपे एकत्र ठेवली. काही दिवसांनी कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात तळ्यातील गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. माशांच्या श्वासातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वनस्पतींना अन्न होतो व वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू माशांना जीवन देतो, हे त्या पात्राने प्रत्यक्ष दाखविले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि त्यानंतर घरोघरी मत्स्यपेटी ठेवण्याचा छंद हळूहळू रुजला.

छंद वाढला तशी वनस्पतींना मागणी आली, आणि ती पुरविण्यासाठी घराच्या परसातील चार-सहा हौदही पुरेसे ठरू शकतात. अशा लहानशा पाणबागेला वर्षातील कोणता ऋतू अनुकूल असतो, आणि का, हे समजून घेण्यास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

स्थळ आणि ऋतू

तमिळनाडूतील कुंभकोणम् नगराच्या ईशान्येस, कावेरीच्या उत्तर तीरावर तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातील, व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव चाळीसांहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, आणि त्यावरून त्यास शहाजीराजपुरम् असे नाव पडले. श्रीधर अय्यावाळ हे सत्पुरुष याच गावचे. त्यांच्या घरातील विहिरीत गंगा प्रकटली, अशी श्रद्धा असून दरवर्षी कार्तिगै महिन्याच्या अमावास्येस त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी तेथे भाविकांची गर्दी होते.

हा उत्सव नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, आणि तो या प्रदेशातील पाण्याच्या समृद्धीचाच काळ होय. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो आणि हिवाळा कोरडा जातो. तमिळनाडूत याच्या उलट, ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात आणि वर्षाच्या पावसाचा सुमारे निम्मा भाग याच तीन महिन्यांत पडतो. विहिरी, तळी व कालवे तेव्हा भरलेले असतात. कालव्यांचे पाणी १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून येते. प्रघाताप्रमाणे ते १२ जूनला सोडले जाते आणि २८ जानेवारीला बंद होते. पाऊस कमी झालेल्या वर्षी मात्र ही तारीख पुढे ढकलावी लागते.

येथील हिवाळा सौम्य असतो. रात्रीचे तापमान सामान्यतः २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि दिवसा ते ३० अंशांपर्यंत चढते. हे ठिकाण विषुववृत्तापासून केवळ ११ अंश उत्तरेस असल्यामुळे डिसेंबरातील सर्वांत लहान दिवसही जवळजवळ साडेअकरा तासांचा असतो. त्याच दिवशी ॲमस्टरडॅमला सूर्यप्रकाश आठ तासही मिळत नाही. म्हणूनच युरोपातील उत्पादकांना उष्णकटिबंधातील जलवनस्पती वाढविण्यासाठी काचघरे तापवावी लागतात आणि कृत्रिम दिवे लावावे लागतात. कावेरीकाठच्या परसात ही दोन्ही कामे सूर्य विनामूल्य करतो.

पाण्यातील वनस्पतीची उपासमार

उन्हाळ्यात ऊन अधिक, उष्णता अधिक. मग वनस्पतीही अधिक वाढावयास हवी, असे कोणासही वाटेल. जमिनीवरील कित्येक पिकांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पाण्याखाली मात्र वाढीला निराळाच अडसर असतो.

हिरवी वनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून अन्न बनविते आणि प्राणवायू बाहेर टाकते. ही क्रिया केवळ प्रकाशातच घडते, हे यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली पाण्यात बुडविलेल्या पानांवरील बुडबुड्यांच्या निरीक्षणावरून सिद्ध केले. हवेत वाढणाऱ्या पानापर्यंत कार्बन डाय-ऑक्साइड सहज पोहोचतो. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या तुलनेने सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. स्तब्ध हौदात दाट रोपे असली, की भर दुपारी पानांभोवतालचा कार्बन डाय-ऑक्साइड संपून जातो. प्रकाश मुबलक असूनही वनस्पती उपाशी राहते. ताट वाढलेले, पण ताटात मीठ तेवढेच, अशी तिची अवस्था होते.

उष्णता वाढली की ही अडचण दुप्पट होते. एक तर गरम पाण्यात वायू कमी विरघळतात. २० अंशांच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये हवेतील प्राणवायू सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. कार्बन डाय-ऑक्साइडही याच न्यायाने कमी होतो. दुसरे असे की, उष्णतेबरोबर वनस्पतीचा श्वसनाचा वेग वाढतो, आणि दिवसभर कमावलेले अन्न रात्री जळून जाते. हिवाळ्यात मिळकत थोडी कमी असली तरी खर्च त्याहून अधिक घटतो, आणि शिल्लक वाढीस लागते. कोवळ्या देठांच्या रोटाला जातीच्या वनस्पती थंडीच्या दिवसांत तजेलदार दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आचार्य बोस आणि हायड्रिला

ऋतूप्रमाणे जलवनस्पतीची रीत बदलते, हे ओळखणाऱ्यांमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे स्थान अग्रभागी आहे. आपल्या तळ्यांत व ओढ्यांत सर्वत्र आढळणारी हायड्रिला ही वनस्पती त्यांनी प्रयोगासाठी निवडली. तिने सोडलेल्या प्राणवायूचे बुडबुडे आपोआप नोंदविणारे यंत्र त्यांनी तयार केले, आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावरील आपल्या ग्रंथात निष्कर्ष मांडले. उन्हाळ्यातील हायड्रिला व हिवाळ्यातील हायड्रिला यांचे वर्तन सारखे नाही. उन्हाळ्यातील वनस्पतीचा रस अधिक आम्ल असतो आणि तीत मॅलिक आम्लाच्या द्वारे कार्बन मिळविण्याची शक्ती असते, असे त्यांना आढळले.

हे निरीक्षण त्या काळी कोणत्याही ज्ञात सिद्धांतात बसत नव्हते. पुढे १९६६ साली हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसासारख्या वनस्पतींतील कार्बन-ग्रहणाचा ‘सी-४’ मार्ग स्पष्ट केला. त्यानंतरच्या दोन दशकांत असे दिसून आले की, उष्ण आणि कार्बन डाय-ऑक्साइड दुर्मिळ असलेल्या पाण्यात हायड्रिला आपला नेहमीचा मार्ग सोडून याच प्रकारचा मार्ग स्वीकारते. बोस यांच्या नोंदीचा अर्थ असा अर्ध्या शतकानंतर उलगडला.

पाणबाग करणाऱ्यास यातून एक व्यवहारी बोध मिळतो. हायड्रिला उन्हाळ्यातील दुष्काळात तग धरते, कारण तिच्यापाशी दुसरा मार्ग आहे. ज्यांच्यापाशी असा मार्ग नाही, त्या नाजूक वनस्पतींची लागवड हिवाळ्यातच वाढवून घ्यावी आणि उन्हाळ्यात केवळ त्यांचे बीजधन सांभाळावे.

पाण्याची निवड

विहिरीच्या जड पाण्यात बायकार्बोनेटे असतात. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला यांना या बायकार्बोनेटांतून कार्बन काढून घेता येतो. कॅबोम्बा आणि पाणशेवाळ्यांच्या कित्येक जातींना ते साधत नाही. त्यांना विरघळलेला मुक्त कार्बन डाय-ऑक्साइडच लागतो. म्हणून व्हॅलिस्नेरियाला विहिरीचे पाणी चालते, तर दुसऱ्या गटास मऊ पाणी मानवते. ऐप्पसि व कार्तिगै महिन्यांतील पावसाचे पाणी मऊ असते. छपरावरील पहिल्या सरीचे मळकट पाणी सोडून देऊन नंतरचे पाणी झाकलेल्या टाकीत साठविल्यास जानेवारीअखेर कालवे बंद झाल्यावर त्याचा मोठा आधार होतो. कालव्याचे पाणी थेट हौदात घेणे इष्ट नाही. शेतातून निथरलेली खते व कीटकनाशके, तसेच नको असलेल्या तणांचे तुकडे त्याबरोबर येतात.

दोन प्रकारची पाने

मत्स्यपेटीतील बहुतेक वनस्पती मूळच्या काठावरच्या होत. पावसाळ्यात त्या बुडतात आणि पाणी ओसरल्यावर उघड्यावर येतात. या दुहेरी जीवनासाठी त्यांना दोन प्रकारची पाने येतात. हवेतील पान जाडसर असते. त्यावर पाणी उडू न देणारी मेणचट उपत्वचा असते व वायूंच्या देवघेवीसाठी पर्णरंध्रे असतात. पाण्याखालील पान पातळ व मऊ असते. उपत्वचा जवळजवळ नसते, पर्णरंध्रे थोडी किंवा मुळीच नसतात, आणि वायू सर्व पृष्ठभागातून आत जातो. हायग्रोफिला डिफॉर्मिस या भारतीय वनस्पतीत हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हवेतील पान साधे, दातेरी असते. पाण्याखालील पान चिरत जाऊन पिसासारखे होते.

या गुणाचा उपयोग करून व्यापारी उत्पादक बहुतेक वनस्पती पाण्याबाहेर, ओल्या चिखलात व दमट हवेत वाढवितात. तेथे कार्बन डाय-ऑक्साइडचा तुटवडा नसतो, पानांवर शेवाळ चढत नाही आणि वाढ जलद होते. पावसाळी हिवाळ्यातील दमट हवा या पद्धतीस अत्यंत अनुकूल असते. ग्राहकाने अशी रोपे पेटीत लावली की जुनी पाने काही दिवसांत विरघळल्यासारखी गळून पडतात. रोप मेले, असे समजून ते फेकून देण्यात येते. वस्तुतः ते हवेतील पाने टाकून पाण्याची पाने धारण करीत असते. विक्रेत्याने ही गोष्ट आधी सांगितली, तर ग्राहकाची निराशा टळते.

हौदाची रचना

घरगुती लागवडीस मोठे भांडवल लागत नाही. विटांची चौकट रचून आत जाड ताडपत्री अंथरली, की उथळ वाफा तयार होतो. सिमेंटचे हौद वापरावयाचे असल्यास ते प्रथम अनेक वेळा पाणी भरून व सोडून धुवावे लागतात, कारण नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो.

तळाशी भातशेतातील चिकणमाती पाच-सहा सेंटिमीटर पसरून तिच्यावर धुतलेल्या वाळूचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा. ही निवड केवळ सोयीची नाही. पाण्याखाली दबलेल्या मातीतील प्राणवायू लवकरच संपतो. तेव्हा मातीतील न विरघळणारे लोहाचे क्षार विद्राव्य रूपात येतात व त्यांच्याशी बांधलेला फॉस्फेटही मोकळा होतो. भाताचे पीक ज्या रसायनावर पोसले जाते, त्यावरच पाणबागही पोसली जाते. मात्र मातीत कच्चे शेण किंवा पालापाचोळा मिसळू नये. तो कुजताना अमोनिया व सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो आणि मुळे काळी पडून मरतात.

वनस्पतींची अभिवृद्धी त्यांच्या घडणीप्रमाणे करावयाची असते. रोटाला, हायग्रोफिला यांसारख्या देठाच्या वनस्पतींचे दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीचे फाटे, खालची पाने काढून, दोन पेरी मातीत जातील असे लावावेत. क्रिप्टोकोरीन व व्हॅलिस्नेरिया या धावत्या खोडांनी पसरतात. त्यांची पिले मुळे धरल्यावर वेगळी करावीत. ॲन्युबियास या आफ्रिकी वनस्पतीचे आडवे खोड मातीत पुरू नये, नाहीतर ते कुजते.

पावसाळी हिवाळ्यातील धोके

अनुकूल ऋतूलाही आपले धोके असतात. पहिला धोका अतिवृष्टीचा. एका रात्रीच्या पावसाने हौद काठोकाठ भरून वाहू लागतात, कोवळी रोपे उपटली जातात आणि महिनाभराची मेहनत अंगणातल्या चिखलात मिसळते. म्हणून प्रत्येक हौदास काठाच्या खाली सांडव्याची नळी असावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. दुसरा धोका वादळांचा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गाजा’ चक्रीवादळाने याच त्रिभुज प्रदेशातील असंख्य नारळीची झाडे आडवी केली. वादळाची सूचना मिळताच सावलीची जाळी उतरवून ठेवणे शहाणपणाचे, कारण वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि खांबांसह उखडते.

तिसरा धोका ढगाळ दिवसांचा. उन्हाळ्यात आवश्यक असलेली जाळी सतत पावसाच्या आठवड्यांत प्रकाश अडविते. तेव्हा ती गुंडाळून ठेवावी. चौथा धोका रोपांचा नसून माणसांचा आहे. स्तब्ध स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास अंडी घालतात. पाणी असलेल्या प्रत्येक हौदात डासांच्या अळ्या खाणारे अप्लोकायलस जातीचे लहान देशी मासे असावेत, आणि चिखलाच्या वाफ्यांत पाण्याचा थर साचू देऊ नये.

महाराष्ट्रातील परिस्थिती

हीच बाग नाशिक वा नागपूर येथे करावयाची झाल्यास हिवाळ्याचा विचार उलट दिशेने करावा लागतो. तेथे काही रात्री तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि उष्णकटिबंधातील बहुतेक जलवनस्पतींची वाढ थांबते. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून उथळ पात्रापेक्षा खोल हौद, आणि जमिनीवरील हौदापेक्षा जमिनीत पुरलेला हौद रात्रीची थंडी अधिक सहन करतो. सायंकाळी वर पारदर्शक झाकण घातल्यास उष्णता टिकते. कोकणातील हिवाळा सौम्य असल्यामुळे तेथे कावेरीकाठची पद्धत थोड्या फरकाने चालते. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस ही वनस्पती तर कोकणात निसर्गतःच वाढते.

काही वनस्पतींना मात्र हिवाळ्यात वाढवू नये, हेच योग्य. १९८२ साली शास्त्रीय नाव मिळालेली, सह्याद्रीच्या कातळपठारांवरील डबक्यांत वाढणारी आणि दुभंगलेल्या तुऱ्यामुळे ‘वायतुरा’ म्हणून ओळखली जाणारी ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस पावसाळा संपताच पाने टाकते व कंदाच्या रूपाने झोपी जाते. तिची विश्रांती हा तिच्या जीवनक्रमाचा भाग आहे. ती अत्यंत मर्यादित क्षेत्रात आढळत असल्याने पठारावरून तिचे कंद उपटणे हा गंभीर अपराध समजावा. परसातील लागवडीचे मोल येथेच कळते: हौदात वाढविलेले प्रत्येक रोप ओढ्यातील एक रोप वाचविते.

कुंपण नसलेली शेती

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. जमिनीवरील शेताला बांध असतो. पाण्यातील शेताला तो असत नाही. तिरुविसनल्लूरच्या परिसरात परसातील गटार पाटास मिळते, पाट कालव्यास आणि कालवा शेकडो भातखाचरांस. हौदातून निसटलेला कॅबोम्बाचा बोटभर तुकडा पुढे काय करू शकेल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही. इतिहास पुरेसा आहे.

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली. आज पुण्याच्या मुळा-मुठेपासून कावेरीच्या कालव्यांपर्यंत तिचे गालिचे दिसतात. केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणून ओळखले जाणारे साल्व्हिनिया मोलेस्टा हे नेचे १९५० नंतरच्या काळात पसरले आणि कुट्टनाडमधील भातशेती व होड्यांची वाहतूक दोन्ही त्याने अडविली. अखेर १९८० नंतरच्या दशकात सिर्टोबॅगस साल्व्हिनी या सोंडकिड्याची मदत घेतल्यावरच ते आटोक्यात आले. कॅबोम्बाही आता केरळच्या काही कालव्यांत तण होऊन बसली आहे. जी वनस्पती हौदात सहज वाढते, तीच बाहेर सहज माजते. सुलभतेचा हा गुण दुधारी आहे.

म्हणून तीन नियम कसोशीने पाळावेत. हौदातील पाणी गटारात न सोडता बागेतील कोरड्या मातीत, नारळ-केळीच्या आळ्यांत मुरवावे. छाटलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावेत. जलपर्णी, साल्व्हिनिया, कॅबोम्बा यांसारख्या परकीय व माजणाऱ्या वनस्पतींची लागवड करू नये. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, रोटाला, क्रिप्टोकोरीन यांच्या देशी जाती सौंदर्यात कोठेही उण्या नाहीत.

शाळेतील एक प्रयोग

वर सांगितलेल्या तत्त्वांची प्रचीती कोणत्याही शाळेत घेता येईल. हायड्रिलाची ताजी डहाळी काचेच्या पात्रातील पाण्यात, कापलेले टोक वर येईल अशी, उलट्या नरसाळ्याखाली ठेवावी आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालावी. पात्र उन्हात ठेवून दर मिनिटास निघणारे बुडबुडे मोजावेत. नंतर पात्र सावलीत न्यावे, बुडबुडे मंदावतील. पुन्हा उन्हात आणून पाण्यात खाण्याचा सोडा चिमूटभर विरघळवावा. बुडबुड्यांचा वेग वाढलेला दिसेल. प्रकाश तोच, वनस्पती तीच. केवळ कार्बनचा पुरवठा वाढला. हाच प्रयोग डिसेंबरात आणि एप्रिलात करून दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी लिहिल्यास आचार्य बोस यांनी विचारलेला प्रश्न विद्यार्थ्यांनाही आपोआप सुचेल.

परसातील चार हौदांतून घराला थोडी मिळकत होईल, मुलांना निरीक्षणाची सवय लागेल आणि ओढ्यातील दुर्मिळ वनस्पतींना अभय मिळेल. पण हे सर्व लाभ एका अटीवर अवलंबून आहेत: आपल्या हौदातील पाणी शेवटी कोठे जाते, हे लागवड करणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. ज्या प्रदेशात एकाच नदीचे पाणी हजारो शेते वाटून घेतात, तेथे हे ज्ञान म्हणजे शेजारधर्मच होय.